शारजातील जुनी मोटार आणि तिचे खरे मोल

आपल्या बेटावरील किती घरांतील मुले आज दुबई, शारजा, अबुधाबी येथे नोकरीस आहेत हे वेगळे सांगावयास नको. कोणी विमान कंपनीत, कोणी हॉटेलात, तर कोणी गॅरेजमध्ये आहे. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा शारजाच्या औद्योगिक भागात मोटारी दुरुस्त करतो. वर्षअखेरच्या शाळेच्या मोठ्या सुटीत मी त्याच्याकडे पंधरा दिवस राहून आले. उंच इमारती आणि सोन्याचा बाजार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालीत नाही. मला सांगावयाचे आहे ते एका जुन्या मोटारीविषयी, आणि तिची किंमत ठरविताना आम्ही जे शिकलो त्याविषयी.

माझ्या पुतण्याने मला बोलावले ते कारणाने. त्याने आणि त्याच्या एका केरळी मित्राने मिळून १९६९ सालची एक फोर्ड मस्टँग विकत घेतली होती. मस्टँगचा तो माक वन नावाचा प्रकार. अमेरिकेतून कॅलिफोर्नियाच्या बाजूने एका दलालामार्फत ती जहाजाने आली तेव्हा नुसता सांगाडाच म्हणावा अशी होती. तीन वर्षे सुटीच्या दिवशी आणि रात्री जागून दोघांनी तिला उभे केले. मालक भला माणूस, त्याने गॅरेजचा एक कोपरा त्यांना वापरू दिला. आता ती लिलावात विकावयाची होती. येणाऱ्या पैशातून पुतण्याला वाक्वा येथील बापाच्या घरावर दुसरा मजला चढवायचा आहे. गेली सात वर्षे त्या गच्चीवर लोखंडी सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. असे घर आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल.

"आत्या, हात माझे चालतात, पण कागद तूच नीट वाचशील," असे तो फोनवर म्हणाला. लिलावाचा अर्ज इंग्रजीत होता, त्यात पन्नास प्रश्न होते. मुलांच्या वह्या तपासण्याची मला सवय, म्हणून मी गेले. मोटारीतले मला काहीच कळत नव्हते, हे आधीच कबूल करते.

या गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात, म्हणजे दंडाची ताकद असलेली गाडी. मध्यम आकाराच्या, फार महाग नसलेल्या गाडीत मोठ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवायचे, आणि तरुणांना परवडेल अशा भावात विकायचे, अशी ही कल्पना. १९६४ साली पाँटियाक कंपनीने आपल्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचाचे इंजिन घालून जीटीओ काढली, तेथून ही लाट आली असे बहुतेक जाणकार मानतात. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांपुढे आली. मस्टँग जरा लहान चणीची, म्हणून काटेकोर लोक तिला या जातीत बसवीत नाहीत. पण मोठे इंजिन घातलेली मस्टँग तेही नाकारीत नाहीत. शेव्हरोलेची कमारो, डॉजची चार्जर, प्लिमथची बॅराकुडा अशाही एकाहून एक गाड्या त्या काळात होत्या. क्रायस्लर कंपनीचे ४२६ घनइंचाचे हेमी नावाचे इंजिन तर कागदोपत्री ४२५ अश्वशक्तीचे होते. आपल्याकडे शाळेसमोरून जाणाऱ्या लहान जपानी गाडीच्या मानाने हे म्हणजे बैलगाडीला आगगाडीचे इंजिन लावल्यासारखे आहे.

हे दिवस फार टिकले नाहीत. तरुण चालकांचे विमा हप्ते वाढत गेले, १९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा झाला, आणि रस्त्यावरच्या गाडीत हेमी इंजिन बसविणे १९७१ साली बंद झाले. त्याच १९७१ च्या २ डिसेंबरला संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र जन्मास आले. त्यानंतर १९७३ च्या ऑक्टोबरात युद्धामुळे अरब देशांनी अमेरिकेस तेल देणे बंद केले. त्यात १८ ऑक्टोबर रोजी पहिली घोषणा अबुधाबीने केली. तीन डॉलरांच्या आसपास असलेले तेलाचे पिंप जानेवारी १९७४ पर्यंत पावणेबारा डॉलरांच्या जवळ गेले, आणि पेट्रोल पिणाऱ्या या गाड्या अमेरिकन बापांनी अंगणाच्या मागे ढकलून दिल्या. आज त्याच गाड्या तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहरांत शोभेला आणल्या जातात. राष्ट्रीय दिनाला मी त्या झेंडे लावून रस्त्याने जाताना पाहिल्या, आणि वर्गात इतिहास शिकविताना हा धागा आपल्या कधी लक्षात आला नाही याचे मला नवल वाटले.

जुन्या गाड्यांचे वेड त्या देशात नवे नाही. शेख हमद बिन हमदान अल नहयान यांनी अबुधाबीच्या दक्षिणेस वाळवंटात आपला संग्रह ठेवला आहे. त्यात इंद्रधनुष्याच्या सात रंगांच्या सात मर्सिडीज आहेत, आणि घराएवढी मोठी डॉज ट्रकची प्रतिकृतीही आहे. शारजात २००८ साली जुन्या मोटारींचे संग्रहालय उघडले. मी तेथे एक सकाळ घालविली. गाड्या उत्तम ठेवल्या आहेत, पण किमतीविषयी तेथे काही शिकता येत नाही, कारण संग्रहालयातील वस्तू विकावयाची नसते.

आता आमच्या गाडीकडे येते. पहिल्या दिवशी पुतण्याने वरचे कापड ओढले तेव्हा मी थक्क झाले. लाल रंग असा की त्यात आपले तोंड दिसावे. बॉनेटवर काळा पट्टा, आत काळी कातडी आसने, आणि चालू केल्यावर छातीत धडधड व्हावी असा आवाज. मी त्याला विचारले, किती मिळतील? तो म्हणाला, चार लाख दिरहम. एका दिरहमाचे आपले बारा-साडेबारा रुपये धरा, म्हणजे जवळजवळ पन्नास लाख रुपये. चार लाख कशावरून? तर अमेरिकेत याच सालच्या, याच नावाच्या, ४२८ कोब्रा जेट इंजिनाच्या चांगल्या गाडीला एक लाख डॉलरांच्या वर मिळाल्याचे त्याने पाहिले होते. दलालाने त्यांना गाडी विकताना ४२८ कोब्रा जेट असेच सांगितले होते, आणि इंजिन खरोखरच ४२८ होते. ते त्याने स्वतः उघडून, मोजून, पुन्हा बांधले होते.

त्या गॅरेजच्या मालकाच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ जुन्या गाड्यांची पारख करतात. ते दुसऱ्या दिवशी आले. रंगाकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. खिशातून फडक्यात गुंडाळलेला लहानसा लोहचुंबक काढला आणि दारांच्या खालच्या कडांवरून, मागच्या चाकांच्या कमानीवरून हळूहळू फिरविला. जेथे पत्रा आहे तेथे चुंबक चिकटतो, जेथे गंजलेला पत्रा कापून पुटी भरली आहे तेथे तो सुटतो. आमच्या गाडीला तो सर्वत्र चिकटला. पुतण्याने गंजका पत्रा कापून नवा पत्रा जोडला होता, पुटी थापली नव्हती. "काम स्वच्छ आहे," एवढेच ते म्हणाले. मग ते वाकले आणि समोरच्या काचेतून चालकाच्या बाजूला डॅशबोर्डवरची एक बारीक पट्टी वाचू लागले. तेथे त्यांचा चेहरा बदलला.

ही पट्टी म्हणजे गाडीचा जन्मक्रमांक. आपल्या मॉरिशसच्या गाडीच्या मागच्या पाटीवर महिन्याची दोन अक्षरे आणि सालाचे दोन आकडे असतात, त्यावरून गाडी प्रथम कधी नोंदली हे शेंबडे पोरही सांगते. अमेरिकन गाडीचा जन्मक्रमांक त्याहून अधिक बोलतो, फक्त वाचता यावयास हवा. एक प्रसिद्ध उदाहरण देते. १९६८ च्या बुलिट या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन या नटाने जी हिरवी मस्टँग चालविली, तिचा क्रमांक ८आर०२एस१२५५५९ असा आहे. पहिला ८ म्हणजे १९६८ साल. आर म्हणजे कॅलिफोर्नियातील सॅन होजेचा कारखाना. ०२ म्हणजे मागून उतरत्या छपराची गाडी. पाचव्या जागी एस आहे, त्याचा अर्थ ३९० घनइंचाचे इंजिन. त्यापुढचे आकडे म्हणजे त्या गाडीचा अनुक्रम.

सगळी गोम पाचव्या जागी आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या पोटात कोणते इंजिन होते, हे ते एक अक्षर सांगते. १९६९ च्या मस्टँगला तेथे क्यू किंवा आर असेल, तर ती जन्माने ४२८ कोब्रा जेट. एम किंवा एच असेल, तर ती ३५१ घनइंचाची. आमच्या गाडीला पाचव्या जागी एच होता.

म्हणजे ती गाडी २५० अश्वशक्तीचे साधे इंजिन घेऊन जन्मली होती. ३३५ अश्वशक्तीचे कोब्रा जेट पुढे कोणीतरी तिच्यात बसविले. वृद्ध गृहस्थांनी एवढ्यावर निकाल दिला नाही. दाराच्या कडेला एक पट्टी असते, तीत गाडी बांधण्याचा दिवस, रंग, आतले कापड यांच्या खुणा असतात. तीत १४बी असे होते. फोर्डच्या पद्धतीत ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असे महिने चालतात, म्हणजे १४ फेब्रुवारी. मग आरसा आणि बॅटरी लावून त्यांनी इंजिनाच्या ठोकळ्यावरची ओतकामाची खूण शोधली. तेथे ९एफ२० असे उमटलेले होते. म्हणजे १९६९ सालच्या जूनची २० तारीख. गाडी फेब्रुवारीत जन्मली आणि तिच्या पोटातले काळीज जूनमध्ये ओतले गेले. सहावीचा विद्यार्थीही यातून काय निष्पन्न होते ते सांगेल. शिवाय दाराच्या पट्टीवर रंगाची खूण होती ती गडद हिरव्या रंगाची. लाल रंग आमच्या मुलांनी आवडीने दिलेला.

अशा वेळी हळहळ वाटते ती याची की ही पट्टी तीन वर्षे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पुतण्याने तीच पट्टी स्वतःच्या हाताने घासून चकचकीत केली होती.

मी रात्री बसून कागद वाचले. अमेरिकेत मार्टी ऑटो वर्क्स म्हणून एक संस्था आहे. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या कारखान्यातील नोंदी तिच्याकडे आहेत. क्रमांक पाठवून पैसे भरले की गाडी कोणत्या दिवशी बांधली, कोणत्या दुकानात गेली, कोणती जोडसाधने घालून गेली, हे सर्व छापून येते. आम्ही मागविले, आणि त्यातही तेच आले. पाँटियाकच्या गाड्यांसाठीही कारखान्याच्या नोंदीची अशीच सोय आहे. क्रायस्लरच्या गाड्यांत कारखान्यातील जुळणीचा मूळ कागद कधीकधी आसनाच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो, आणि असा मळका, उंदराने कुरतडलेला कागद सापडला की मालक पेढे वाटतो. शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या गाड्यांच्या अशा नोंदी उरलेल्या नाहीत, म्हणून तेथे लबाडीला वाव जास्त. ठोकळ्यावरचे जुने आकडे खरवडून नवे ठोकणारे कारागीर आहेत. त्यांना पकडणारेही आहेत. कारखान्यातील यंत्राने पृष्ठभाग कापताना पडलेल्या सूक्ष्म समांतर रेघा आकड्यांखाली दिसतात की पुसल्या गेल्या आहेत, हे ते भिंगातून पाहतात.

एका अक्षराने एवढा फरक का पडावा, असा प्रश्न मलाही पडला. गाडी तीच, आवाज तोच, वेग तोच. उत्तर संख्येत आहे. १९६९ साली माक वन मस्टँगा ७२,४५८ निघाल्या. त्यांपैकी बहुतेकांत कोब्रा जेट नव्हते. साध्या मस्टँगा तर मार्च १९६६ पर्यंतच दहा लाख झाल्या होत्या. उलट १९७० साली हेमी इंजिनाच्या कुडा गाड्या, छप्पर असलेल्या ६५२ आणि उघड्या १४, एवढ्याच निघाल्या. १९७१ साली उघड्या ११ निघाल्या. त्या अकरांपैकी एक जून २०१४ मध्ये सिॲटल येथे ३५ लाख डॉलरांना गेली. जी वस्तू पुन्हा निर्माण करता येत नाही तिला लोक पैसे मोजतात. इंजिन कोणीही बसवू शकतो, रंग कोणीही देऊ शकतो. जन्म मात्र एकदाच होतो.

त्यातही एक गंमत आहे. बुलिट चित्रपटातील ती मस्टँग एका कुटुंबाने १९७४ साली सहा हजार डॉलरांना घेतली आणि पुढे कित्येक वर्षे तशीच झाकून ठेवली. मॅक्वीनने स्वतः ती परत मागितली तरी दिली नाही. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडात ती लिलावात आली तेव्हा तिचा रंग उडालेला होता, गंज दिसत होता, खरचटे तसेच होते. हातोडा पडला तो ३४ लाख डॉलरांवर. वर घेणाऱ्याकडून दहा टक्के धरून ३७ लाख ४० हजार. कोणी हौसेने तिला नवा रंग दिला असता, तर तो रंग देणाऱ्याने लाखो डॉलर पुसून टाकले असते. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पारखी गृहस्थांनी आपला हिशोब मांडला. अमिरातीतील अमेरिकन गाडीची किंमत मुळात अमेरिकेत ठरते, असे ते म्हणाले. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून चलनाचा घोळ नाही. अमेरिकेतील भाव, अधिक जहाजाचे भाडे, अधिक पाच टक्के जकात, अधिक २०१८ पासून लागू झालेला पाच टक्के मूल्यवर्धित कर, एवढ्या रकमेच्या फार वर तेथील शहाणा गिऱ्हाईक जात नाही, कारण तेवढ्यात तो स्वतःच एक गाडी मागवू शकतो. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे चाक असलेली अमेरिकन गाडी जशी आली तशी चालते. आपल्या बेटावर ती आणली तर निम्मी किंमत वाटेतच जाईल. वाळवंटाची हवा कोरडी, पण समुद्राकाठची दमट आणि खारट, म्हणून दुबईत उभी राहिलेली गाडी निर्गंज असेलच असे नाही. उन्हाने रबर तडकते, डॅशबोर्ड फुटतो. तेथील गिऱ्हाइकाला थंड हवेचे यंत्र हवे असते, मग ते मुळात असो वा नसो. आमच्या गाडीला ते मागाहून बसविलेले होते. तेथे एवढा एक गुण मिळाला.

मग प्रत. अमेरिकेतील प्रसिद्ध हॅगर्टी भावपत्रकात गाड्यांच्या चार प्रती मानतात. पहिली प्रदर्शनात बक्षीस घेणारी, दुसरी उत्कृष्ट, तिसरी चांगली वापरातली, चौथी चालणारी पण डागाळलेली. आमच्या कामाला त्यांनी दुसरी प्रत दिली. पण दुसऱ्या प्रतीच्या कोणत्या गाडीचा भाव धरायचा? मूळ ३५१ च्या गाडीचा धरला तर मूळ इंजिन नाही. ४२८ चा धरला तर जन्म नाही. त्यांनी मधला आकडा घेतला आणि रंग बदलल्याबद्दल थोडे कापले. एक लाख ऐंशी हजार ते दोन लाख वीस हजार दिरहम.

मुलांचा खर्च मी त्यांच्या वहीतून जोडला. गाडी, जहाज आणि जकात मिळून ७०,००० दिरहम. सुटे भाग, रंग, कातडे, इंजिनाचे काम १,७०,०००. एकूण २,४०,०००. तीन वर्षांची मजुरी यात नाही. केरळी मित्र म्हणाला, "आम्ही एवढे घातले, मग निदान एवढे तरी यायला हवे ना?" पारखी हसले नाहीत. ते म्हणाले की हा प्रश्न त्यांना आठवड्यातून एकदा कोणी ना कोणी विचारतोच, आणि घेणारा मात्र कधीच विचारीत नाही.

आता जे सांगते ते लिहावे की नाही असा मला विचार पडला होता. त्या रात्री तिघेच बसलो असताना मित्राने सुचविले की दलालाने आपल्याला जशी सांगितली तशीच आपणही सांगू, ४२८ कोब्रा जेट. इंजिन तर खोटे नाही. अर्जात कोणते इंजिन आहे असा प्रश्न आहे, कोणते होते असा नाही. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. "आत्या, कोणी विचारले तरच सांगायचे का?"

शिक्षिकेने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मला भावाची गच्ची दिसत होती. अर्ज मी पुन्हा पहिल्यापासून वाचला. सदतिसाव्या प्रश्नात असे होते की मूळ इंजिन आहे काय, आणि नसल्यास तसे लिहावे. मी तो प्रश्न मोठ्याने वाचला आणि कागद पुतण्यापुढे ठेवला. त्याने स्वतःच्या हाताने लिहिले की इंजिन मूळ नाही, ते जून १९६९ मधील ओतकामाचे आहे, गाडीचा मूळ रंग हिरवा होता. मित्र उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने तीन चहा घेऊन परत आला.

लिलावाविषयी लोकांत बरेच गैरसमज आहेत, म्हणून थोडे सांगते. लिलाव करणारी पेढी अंदाज छापते, तो खालचा आणि वरचा असे दोन आकडे असतो. त्याशिवाय विकणाऱ्याची एक गुप्त किमान किंमत असते. बोली तिथपर्यंत न गेल्यास गाडी घरी परत येते. अखेरची मोठी बोली म्हणजे किंमत नव्हे. मे २०२१ मध्ये इंडियानापोलिस येथे १९७१ ची एक उघडी हेमी कुडा ४८ लाख डॉलरांच्या बोलीपर्यंत गेली आणि विकलीच गेली नाही. वृत्तपत्रांत छापून येणाऱ्या रकमेत घेणाऱ्याकडून वसूल केलेली दहा ते पंधरा टक्के दलाली बहुधा धरलेली असते, ती विकणाऱ्याच्या हाती पडत नाही. विकणाऱ्याकडूनही पेढी आपला भाग घेते. आणि एकच माणूस हौशी असेल तर भाव चढत नाही. त्याच दिवशी, त्याच खोलीत, तितकाच हौशी दुसरा लागतो.

असे दोघे भेटले की काय होते तेही त्या देशाने पाहिले आहे. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी अबुधाबीच्या यास मरिना शर्यतीच्या मैदानावर आरएम सदबीज या पेढीने लिलाव केला, त्यात मायकेल शूमाकरने चालविलेली २००२ ची फेरारी ६६ लाख ४३ हजार ७५० डॉलरांना गेली. तेथे गाडीशिवाय नुसत्या नंबरपाटीचाही लिलाव होतो. २००८ साली अबुधाबीची १ क्रमांकाची पाटी ५ कोटी २२ लाख दिरहमांना गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये दुबईची पी ७ ही पाटी ५ कोटी ५० लाखांना. ती रक्कम भुकेल्यांच्या अन्नासाठी दिली गेली, हे चांगलेच झाले. पण पत्र्याच्या त्या तुकड्याच्या पैशात वाक्वाचे किती मजले उठले असते याचा हिशोब मी करीत बसले नाही.

आमचा लिलाव लहान होता. किमान किंमत दोन लाख ठेवली होती. पुतण्याला अडीच हवी होती, पारखी गृहस्थांनी एक नव्वद सांगितली होती. गाडीपुढे लोकांची गर्दी झाली, पुष्कळांनी छायाचित्रे काढली, एका लहान मुलाला आत बसवून बापाने चित्र घेतले. मग बोली सुरू झाली. एक लाखापर्यंत चार हात वर होते. दीड लाखानंतर दोन उरले. एक लाख ब्याऐंशी हजारावर एक माणूस मान हलवून मागे सरकला आणि सर्व थांबले. हातोडा पडला, पण विक्री झाली नाही. सुमारे तीन मिनिटांचे काम. तीन वर्षांची गाडी तीन मिनिटांत पुन्हा कापडाखाली गेली.

तिसऱ्या दिवशी पेढीमार्फत निरोप आला. त्या दोघांपैकी एक एक लाख नव्वद हजार द्यावयास तयार होता. त्याने कळविले होते की अर्जातील उत्तरे वाचल्यामुळे त्याला वेगळी तपासणी करून घ्यावी लागली नाही. दोघा मित्रांनी रात्रभर विचार केला. हिवाळा संपला की तिकडचा मोसम संपतो, गॅरेजचा कोपरा मालकाला परत हवा होता, आणि गाडी उभी ठेवणे म्हणजे खर्चच. त्यांनी होकार दिला. पेढीचे पाच टक्के जाऊन १,८०,५०० दिरहम हाती आले. दोन लाख चाळीस हजारांत साडेएकोणसाठ हजारांची तूट, प्रत्येकी २९,७५०. आपल्या पैशात पावणेचार लाख रुपयांच्या आसपास. वाक्वाच्या सळ्या आणखी काही काळ आकाशाकडे पाहतील. भावाला मी स्वतः समोर बसून सर्व सांगितले. तो एवढेच म्हणाला की पोराचे हात चांगले आहेत ना, मग झाले.

शेवटच्या दिवशी गाडी न्यावयास ट्रक आला. पुतण्याने ती स्वतः चढविली, आणि चाकांना पट्टे बांधताना डाव्या दाराच्या खालच्या कडेवरचे बोटाचे ठसे आपल्या बाहीने पुसले.

मी घरी परतल्यावर मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला. अजमानच्या बाजूला एका जुन्या गोदामात आणखी एक १९६९ ची मस्टँग धूळ खात पडली आहे, भाव अजून विचारलेला नाही. सोबत डॅशबोर्डच्या पट्टीचे छायाचित्र होते. ९, मग आर, मग ०२ इतके मला स्पष्ट वाचता आले. पाचव्या अक्षरावर धूळ आहे. फडके घेऊन पूस आणि उजेडात पुन्हा चित्र काढ, असे मी त्याला कळविले आहे.